नागपुरात घरच्या घरी शरद: तोरणं, कुंड्या, कंदील... तुम्ही काय काय करता?

मनीषनगरची मीरा

नमस्कार मंडळी,

घट बसले, पाऊस जवळजवळ गेला आणि दुपारी गॅलरीत पाय ठेववत नाही असं ऊन तापायला लागलं. तरी वर्षातले हेच दिवस मला सगळ्यात जास्त आवडतात. सकाळी सहाला हवा धुतल्यासारखी असते, आकाश निळंशार, आणि सोसायटीच्या फाटकाजवळच्या प्राजक्ताखाली पाय टाकायला जागा नसते.

परवा वर्धा रोडवरच्या एका दुकानात लाल-तपकिरी पानांच्या प्लॅस्टिकच्या माळा आणि थर्माकोलचे केशरी भोपळे मांडलेले दिसले. धाकटीनं हट्ट धरला. मी घेतलं नाही, पण घरी आल्यावर तिनं सरळ विचारलं, "मग आपण काय लावायचं?" झेंडूच्या तोरणापलीकडे मला काही सुचेना.

म्हणून तुम्हाला विचारते. आतापासून तुळशीच्या लग्नापर्यंत घरात, स्वतःच्या हातानं, फार खर्च न करता काय काय करता येईल? सजावट, कागदकाम, मातीकाम, झाडं, काहीही चालेल. मुलं सात आणि अकरा वर्षांची. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेची आणि जेमतेम चार फूट रुंद.

बर्डीवाला

ऑक्टोबरात पश्चिमेच्या गॅलरीत बाग करू म्हणणाऱ्या ताईंना आमचा दंडवत. धागा वाचून राहिलो, लिहा सगळे.

रेशीमबागची आजी

मीरा, तुझ्या मुलीचा हंगाम तर केव्हाच सुरू झाला आहे. भुलाबाई बसवली नाही का घरी? भाद्रपदाच्या पौर्णिमेला ती येते आणि कोजागिरीला जाते. भुलाबाई, भुलोजी आणि गणोबा. चितारओळीत मूर्ती मिळतात, पण मुलांकडून करवून घेतल्यास त्याची गोडी निराळी. आम्ही काळी माती चाळून भिजवायचो आणि तिच्यात कापूस पिंजून मळायचो. कापसानं माती धरून राहते, वाळताना तडा जात नाही. नाक-डोळे काडीनं. रंग पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर पोपडे धरतात.

कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करायचा, कणसं वर तशीच ठेवून. हे धांडे आता शहरात सहज दिसत नाहीत, पण दसऱ्याच्या आसपास कॉटन मार्केटकडे शेतातून आलेल्या बायांना सांगून ठेवलं तर आणून देतात. तुझ्या चार फुटांच्या गॅलरीत मखर आरामात मावेल.

आणि खाऊ ओळखायचा खेळ विसरू नको. डबा हलवायचा, आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. आमच्या वाड्यातल्या मोठ्या मुली मुद्दाम शिरा किंवा दहीभात आणायच्या. तो वाजणार कसा!

खामल्याचा अनिकेत

आजी, दहीभाताची युक्ती लक्षात ठेवली आहे. आमच्या सोसायटीत यंदा मुलं शेंगदाणे ओळखून ओळखून कंटाळलीत.

परतीचा पांथस्थ

मी काही वर्षं अमेरिकेत, ओहायोत होतो. त्या प्लॅस्टिकच्या माळांविषयी थोडं लिहावंसं वाटतं.

तिकडे ऑक्टोबरात लोक दाराशी मक्याची वाळलेली ताटं बांधतात, पायऱ्यांवर भोपळे ठेवतात. ते सुंदर दिसतं, कारण तो मका आणि तो भोपळा त्याच दिवसांत जवळच्या शेतांतून निघालेला असतो. पानांचंही तसंच. दिवस लहान झाला, रात्री गार पडल्या की झाड पानांत नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की तो दिसायला लागतो. लाल मात्र त्याच वेळी नव्यानं तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की तो जास्त खुलतो.

नागपुरात या महिन्यात झाडं उलट हिरवीगार असतात, चार महिने पाणी पिऊन तृप्त. आपली पानगळ पुढची. साग थंडीत पानं टाकायला लागतो, पिंपळ त्याच्याही नंतर. त्यामुळे आता दारात लाल पानं टांगली की खिडकीबाहेरच्या ऋतूशी त्यांचा काही संबंध उरत नाही.

तिथल्या लोकांकडून घ्यायचं असेल तर एवढंच घ्यावं: या आठवड्यात आपल्या शेतातून जे आलं, ते दारात लावायचं. आपल्याकडे आता ज्वारीची कणसं आहेत, झेंडू आहे, शेवंती येते आहे, भंडारा-गोंदियाकडे धान पिवळं पडतंय, आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागली आहेत. कमी आहे का काही?

हिंगणा रोडची स्वाती

पांथस्थ, सहमत. तुमच्या यादीत कुरडूची भर घालते. शेताच्या बांधावर, पडीक जागेत गुलाबी-पांढरे तुरे दिसतात ना, ती कुरडू. ही फुलं वाळली तरी रंग बऱ्यापैकी टिकतो आणि आकार जसाच्या तसा राहतो. तुरा पूर्ण फुलला पण बी गळायला लागलं नाही अशा वेळी लांब दांड्यासकट कापायचा, पानं काढून टाकायची, दहा-बारा दांडे एकत्र बांधून सावलीत उलटे टांगायचे. उन्हात टांगले तर रंग उडतो. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, बारीक काळं बी खूप सांडतं. तेच बी पुढच्या पावसात कुंडीत टाकलं की झालं.

त्यात पांढऱ्या तुऱ्यांचं गवत आणि ज्वारीचं एखादं कणीस खोवलं की पितळेच्या तांब्यात इतकं देखणं दिसतं! दिवाळीपर्यंत काही करावं लागत नाही, पाणीसुद्धा नको.

मनीषनगरची मीरा

स्वातीताई, हे रविवारीच करणार. कुरडू रोज बघते, घरात आणायचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

गॅलरीचं कोणी सांगेल का?

काटोलचा माळीबुवा

सांगतो. थोडं लांबेल.

पश्चिमेच्या गॅलरीत सध्या अडचण उन्हापेक्षा तापलेल्या कुंडीची आहे. दुपारी दोननंतर कुंडीची बाजू हात लावून पहा, चटका बसतो. मुळं तिथंच शिजतात. म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, पुढच्या रांगेला जुनं पोतं गुंडाळा आणि ऑक्टोबर संपेपर्यंत हिरवी जाळी बांधा. नोव्हेंबरात रात्री गार झाल्या की जाळी काढून टाका. मग तेच ऊन कामाचं.

माती. शेतातली काळी माती नुसती भरू नका. ओली असताना चिकट गोळा, वाळली की भेगा, आणि पाणी त्या भेगांतून कडेकडेनं खाली. झाड तहानलेलंच. एक भाग माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग रेती किंवा कोकोपीट, वर मूठभर निंबोळी ढेप. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, वापरू नका.

मुलांसाठी पहिलं पीक मेथी. तीन-चार दिवसांत वर येते, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. महिन्याभरात कापायला तयार. दुसरा सांबार, म्हणजे कोथिंबीर. अख्खे धने टाकू नका, लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. त्याला उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि तापलेली माती त्याला खपत नाही. म्हणून पेरल्यावर वर ओलं गोणपाट टाका, कोंब दिसला त्याच दिवशी संध्याकाळी काढा. मुळा आणि पालक दसऱ्यानंतर. वाटाण्याची घाई नको, त्याला थंडी लागते, नोव्हेंबर उजाडू द्या.

फुलांमध्ये पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस यांचं बी आता टाकायचं. पिटुनियाचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यावर माती टाकायची नाही. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि पाणी फवाऱ्यानं.

गुलाब असेल तर पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर छाटा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरपा काप. दीड महिन्यात फूल.

आणि कुंड्यांखालच्या बशा रोज रिकाम्या करा. हे डेंग्यूचे दिवस आहेत.

खामल्याचा अनिकेत

माळीबुवा, माहितीबद्दल आभार, पण मला एक पटत नाही. ताईंनी "फार खर्च न करता" असं विचारलंय. जाळी, कोकोपीट, शेणखत, ढेप, कुंड्या या सगळ्याला पैसे पडतात. मेथीची जुडी कोपऱ्यावर मिळते. तिसऱ्या मजल्यावर माती चढवायची, शिवाय खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकलं की भांडण. त्यापेक्षा दोन चांगली झाडं विकत आणावी आणि वेळ कागदकामात घालवावा.

काटोलचा माळीबुवा

अनिकेत भाऊ, कुंड्या कोण विकत घ्यायला सांगून राहिलं? पाच लिटरचा तेलाचा डबा आडवा कापा, बुडाला खिळा तापवून भोकं पाडा. धने, मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच. भाजी पेरायला सहा इंच खोल माती पुष्कळ झाली. जाळीऐवजी आईचं जुनं सुती पातळ बांधा, तेही चालतं.

ठिबकण्याचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. भोकांवर नारळाची शेंडी किंवा फुटक्या कौलाचा तुकडा ठेवला तर माती वाहत नाही, आणि पाणी एकदम तांब्याभर ओतण्याऐवजी दोनदा थोडं थोडं घालावं. खाली बशी, आणि बशी रिकामी करायचं काम अकरा वर्षांच्या पोराचं.

गोकुळपेठची ऋता

शेवंतीविषयी विचारायचं होतं. दरवर्षी रोप आणते, पानं भरगच्च होतात, कळ्याच धरत नाहीत. खत, पाणी, ऊन सगळं व्यवस्थित. कुंडी दारासमोरच्या पॅसेजमध्ये ठेवली आहे.

काटोलचा माळीबुवा

पॅसेजमध्ये रात्रभर दिवा असतो ना?

गोकुळपेठची ऋता

हो! पिवळा मोठा बल्ब. तुम्हाला कसं कळलं?

काटोलचा माळीबुवा

शेवंती रात्रीची लांबी मोजते. रात्री मोठ्या झाल्या की तिला कळी धरायची वेळ कळते. तुमच्याकडे तिच्यासाठी रात्र होतच नाही. कुंडी अंधार असेल अशा जागी हलवा, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही नको. आता हलवली तर यंदाही फुलं मिळतील, थोडी उशिरा. पुढच्या वर्षी पावसाळ्यात शेंडे खुडत जा, एका फांदीच्या चार होतात. ऑगस्टनंतर मात्र खुडणं बंद.

थंडीत कृषी महाविद्यालयाचं शेवंतीचं प्रदर्शन भरतं ते जरूर बघा. एकेका झाडावर किती फुलं घेता येतात ते तिथं समजतं.

बर्डीवाला

आमच्याकडे दिवा रात्री कधीच बंद होत नाही, पोट्टे अभ्यास करून राहिले असं आम्हाला वाटते. शेवंतीचा पत्ता कट.

लक्ष्मीनगरचा प्रज्ञेश

आमच्या घरच्या सजावटीचं सांगतो. दीक्षाभूमी जवळ असल्यामुळे दसरा आमच्यासाठी अशोक विजयादशमी. 14 ऑक्टोबर 1956 ला, विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. बाहेरगावचे नातेवाईक, ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे असे सगळे त्या दिवसांत घरी उतरतात.

आठवडाभर आधी मुलांना पताकांचं काम दिलेलं असतं. पंचशील ध्वजाचे रंग निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, याच क्रमानं. पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या कापून दोरीवर चिकटवायच्या. क्रम चुकला की आई पूर्ण माळ परत करायला लावते, आणि ते योग्यच आहे. समोरच्या खोलीत पांढरी चादर, त्यावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, पांढरी शेवंती आणि निशिगंध, पितळेच्या परातीत पाणी भरून त्यात कमळ. कमळाची कळी दुकानातून मिटलेली येते. बाहेरच्या पाकळ्या एकेक करून मागे दुमडायच्या आणि आतल्या टोकाकडे वळवून खोचायच्या. आमची ताई हे इतक्या हलक्या हातानं करते की एकही पाकळी फाटत नाही. तिच्याकडून आता भाची शिकते आहे.

आणि दाराबाहेर पाण्याचे माठ, ओल्या कापडात गुंडाळलेले. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही प्यावं. माझ्या दृष्टीनं ती सजावटीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

रेशीमबागची आजी

प्रज्ञेश, फार छान लिहिलंस. कमळाच्या पाकळ्या दुमडण्याचा एखादा फोटो टाकशील का?

सेमिनरी हिल्सचा भटक्या

दसऱ्याचा विषय निघालाच आहे तर आपट्याबद्दल कळकळीनं लिहितो. बाजारात सोनं म्हणून जे ढीग येतात त्यांत कितीतरी पानं कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, लांबट, पातळ. दोन्ही झाडं एकाच कुळातली म्हणून पान दुभंगलेलं दिसतं. दोन्हींच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात.

माझी विनंती आहे की घरी कागदाची पानं करा. सोनेरी कागद घडी घालून अर्धं पान कापलं की उघडल्यावर पूर्ण आपट्याचं पान तयार होतं, मुलांना एका मिनिटात जमतं. पाठीवर ज्याला द्यायचं त्याच्यासाठी दोन ओळी लिहायच्या. पूजेला खरी पानं हवीच असतील तर घरात एक पान पुरे. जागा असेल त्यांनी आपट्याचं झाड लावावं. हळू वाढतं, पण आपल्या उन्हाला आणि कमी पाण्याला दाद देत नाही.

खामल्याचा अनिकेत

हे शंभर टक्के पटलं. मुलांना आज संध्याकाळीच बसवतो.

इतवारीतली वहिनी

नागपूरचा धागा आणि संत्र्याचं काहीच नाही? मी सांगते.

चकत्या वाळवून माळ करतात तशी मी दरवर्षी करते. एक गोष्ट ध्यानात घ्या: आपलं संत्रं सैल सालीचं. आडवं कापलं की साल वेगळी, फोडी वेगळ्या. चकतीसाठी मोसंबी घ्यावी, साल घट्ट धरून राहते. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड कापू नका. कापल्यावर सुती कापडावर ठेवून वरून दुसऱ्या कापडानं दाबून रस टिपून घ्या, याच्यात कंटाळा करायचा नाही, नाहीतर बुरशी धरते. मग जाळीवर ऑक्टोबरचं ऊन. रोज उलटायच्या. वाळल्या की उजेडात धरून पाहा, फोडींच्या मधल्या रेषा स्पष्ट दिसतात. दालचिनीचा तुकडा, एक चकती, पुन्हा दालचिनी असं जाड सुतात ओवायचं.

संत्र्याच्या सालीचं काम वेगळं. साल अर्धी अर्धी अशी काढा की मधला पांढरा देठ वाटीत उभा राहील. दोन दिवस वाळू द्या, मग वाटीत तेल घातलं की तो देठच वात. पहिल्यांदा पेटायला वेळ लागतो, देठ तेलात नीट भिजू द्यावा. जळताना सुवास येतो. पण मुलांच्या हाती द्यायची नाही आणि खाली ताटली हवीच. उरलेल्या साली वाळवून कुटून ठेवा, दिवाळीच्या उटण्यात घालायला.

परतीचा पांथस्थ

वहिनी, मोसंबीची सूचना लाखमोलाची. आणखी एक, फळ विकत घेताना नागपूर संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे हे मुलांना जरूर सांगा. आपल्या मातीचं नाव फळाला लागलंय.

गोकुळपेठची ऋता

कुंडीत संत्रं येईल का हो?

काटोलचा माळीबुवा

येईल असं सांगणारे नर्सरीवाले भेटतील. मी नाही सांगणार. संत्र्याच्या मुळांशी पाणी साचलं की डिंक्या होतो, खोडातून डिंक वाहतो आणि झाड खंगत जातं. आमच्या बागांत निचऱ्यासाठी चर खणावे लागतात, कुंडीत तर त्याहून अवघड. तुम्ही कागदी लिंबू लावा, मोठ्या कुंडीत.

सदर_सायली

थोडं अवांतर. रात्री आठनंतर आमच्या रस्त्यावर सातवीणीच्या फुलांचा इतका उग्र वास असतो की डोकं धरतं. अजून कुणाला होतं का असं?

सेमिनरी हिल्सचा भटक्या

सप्तपर्णी. ऑक्टोबरचंच झाड, रात्री वास वाढतो. खिडकी आठ ते अकरा बंद ठेवा. मला स्वतःला तो वास आला की शरद आला असं वाटतं, पण ज्यांना त्रास होतो त्यांना खरंच होतो.

महालचा कंदीलकर

कंदिलाविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाजारचे प्लॅस्टिकचे कंदील पावसाळी छत्रीसारखे घडी करून पुढच्या वर्षी काढता येतात हे मान्य. पण बांबूचा सांगाडा एकदा नीट बांधला तर तोही पुष्कळ वर्षं टिकतो, फक्त कागद बदलायचा.

लागतात 24 कामट्या, सगळ्या एका मापाच्या, साधारण नऊ इंच. माप अचूक हवं, इथं हयगय केली की पुढे काहीच जुळत नाही. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. आता चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत जा, प्रत्येक कोपऱ्याला फक्त एकच जोडीदार. सहा चौकोन असे जुळले की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. अकरा वर्षांच्या मुलाला हे हातानं करू द्या, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. चौकोन तिरपे होतात, म्हणून प्रत्येकाचे दोन्ही कर्ण बारीक दोऱ्यानं ताणून घ्या. मग सांगाडा कडक बसतो.

कागद पतंगाचा. चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. कामटीपेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा, कडेला खळ लावून आत दुमडायचा. खळ घरची: मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, चिमूटभर तुरटी घालायची म्हणजे लवकर आंबत नाही. पूर्वी मोरचूद घालत, पण ते विषारी, मुलं हाताळणार असतील तर नकोच. कागद लावून झाल्यावर वरून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. वाळताना कागद ताणला जातो आणि सुरकुत्या जातात. रंग उतरणारा कागद असेल तर आधी तुकड्यावर बघून घ्या.

वरचा चौकोन बल्बसाठी उघडा, खालचाही उघडा ठेवा, हवा खेळते. एलईडी दिवाच लावा, जुन्या तारेच्या बल्बनं कागद तापतो. खाली झिरमिळ्या. त्या मात्र लांब हव्यात, कंदिलाच्या उंचीच्या दीडपट तरी. आखूड झिरमिळ्यांचा कंदील मला बघवत नाही.

खामल्याचा अनिकेत

24 कामट्या, 6 चौकोन, 8 त्रिकोण! काड्यापेटीच्या काड्यांनी आत्ता टेबलावर करून पाहिलं, जमलं. दादा, मोठा कंदील नक्की करणार.

रेशीमबागची आजी

पणत्यांचं राहिलं. कोऱ्या पणत्या आदल्या दिवशी बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की त्या पाणी पिऊन तृप्त झाल्या. मग पुसून, वाळवून वापरा, तेल कमी पितात. गेरूनं रंगवायच्या असतील तर भिजवणं आधी, रंग नंतर.

मनीषनगरची मीरा

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून दिलंय की काय बोलू. झालेलं सांगते.

भुलाबाई बसली, उशिरा का होईना. मातीत कापूस घातला, तडा नाही. कुरडू टांगली आहे. मेथी उगवली, सांबार गोणपाटाखाली आहे आणि धाकटी दर तासाला ते उचलून बघते. खालच्या काकूंना आधीच जाऊन सांगितलं की पाणी ठिबकलं तर लगेच कळवा, त्यांनी उलट ओव्याचं रोप दिलं. थोरल्याला कंदिलाचं काम दिलंय. त्यानं कामट्या मोजून तीन नापास केल्या.

आता शेवटचा प्रश्न. तुळशीच्या लग्नाला मांडव कसा करू? गॅलरीतच करायचं आहे.

रेशीमबागची आजी

तुळशीच्या मंजिऱ्या आत्तापासून खुडत जा, लग्नापर्यंत झुडूप डेरेदार होईल. कुंडीला गेरू, त्यावर पांढऱ्या रांगोळीची बोटं मुलीकडून. मांडवाला चार ऊस, वर शेंडे एकत्र बांधायचे. भुलाबाईच्या मखराचे ज्वारीचे धांडे जपून ठेवलेस तर तेही चालतील. चिंच, आवळे, बोरं कुंडीशी. आवळे थोडे जास्तच घे, उरले तर मुरांबा. आणि जमलं तर कार्तिकात मुलांना घेऊन एखाद्या आवळीच्या झाडाखाली डबा खायला जा. आपल्याकडची ही रीत त्यांना माहीत असावी.

लक्ष्मीनगरचा प्रज्ञेश

आजी, कमळाचे फोटो टाकले आहेत, चार टप्प्यांत. भाचीचे हात आहेत.

हिंगणा रोडची स्वाती

माझ्याकडे कुरडूचं आणि देशी झेंडूचं बी पुष्कळ निघणार आहे. हवं असेल त्यांनी संदेश पाठवा. झेंडूचं फूल झाडावरच तपकिरी वाळू द्यायचं, मग पाकळ्या ओढल्या की खाली काळं-पांढरं काडीसारखं बी येतं. कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

गोकुळपेठची ऋता

मला दोन्ही हवं. शेवंतीची कुंडी मागच्या अंधाऱ्या गॅलरीत हलवली आहे, माळीबुवा.

बर्डीवाला

वहिनी, तुमचं वाचून मोसंबीच्या चकत्या काल गच्चीवर टाकल्या. आज सकाळी माकडांची टोळी आली न बाप्पा. अर्ध्या गेल्या. आता काय करू?

इतवारीतली वहिनी

गच्चीवर नका ठेवू भाऊ, जाळी झाकली तरी ती उचलतात. उरलेल्या चकत्या सुईनं दोरीत ओवा, मध्ये बोटभर अंतर ठेवा आणि खिडकीच्या ग्रिलच्या आतल्या बाजूनं टांगा, जिथं सकाळचं ऊन येतं तिथं. दोन दिवस जास्त लागतील. दोरी भिंतीला टेकू देऊ नका, रसाचा डाग निघत नाही.